दीर्घ श्रवणास सुखावह

लातूर शहरात, औसा रस्त्यालगतच्या एका वसाहतीत राहणाऱ्या हालकुडे कुटुंबाने दिवाणखान्यासाठी स्पीकरची एक जोडी विकत घ्यायचे ठरवले. वरकरणी यात नोंद करण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच होती की या घरात ऐकण्याची परंपरा नव्हती, बोलण्याची होती.

कुटुंबप्रमुख गुरुबसप्पा हालकुडे एका सरकारी कार्यालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, आणि गेली सहा वर्षे ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवण्यात घराला यश आले होते. घरातील व्यवहार ते टिपणी, मान्यता आणि आदेश या क्रमानेच चालवत. त्यांच्या पत्नी दानम्मा पहाटे डोळे उघडताना जे वाक्य सुरू करत ते झोपताना संपे. चिरंजीव मल्लिनाथ यांचे बियाणे व खतांचे दुकान होते. ते दुकानात गिऱ्हाइकाशी आणि घरात फोनवर बोलत. सून वर्षाराणी बिलोलीची. लग्नाला सतरा वर्षे झाली होती. तिच्या बोलण्याविषयी घराच्या अभिलेखात माहिती उपलब्ध नाही.

स्पीकरची निकड नांदेडला निर्माण झाली. जावई उमाशंकर यांच्या वास्तुशांतीला गुरुबसप्पा साडेतीन तास एकाच सोफ्यावर बसले आणि उठताना त्यांच्या लक्षात आले की कोपऱ्यात दोन स्पीकर सबंध वेळ वाजत होते, तरी आपले डोके दुखलेले नाही. लातूरच्या घरी टीव्हीच्या आवाजाने विसाव्या मिनिटाला कपाळ ठणकू लागे.

"मामा, मोठ्यानं वाजतो तो चांगला स्पीकर न्हाई," जावयाने समजावले. "चार तास झाले तरी वाजून राहिला हे ध्यानात येऊ नये, तो चांगला."

चालू असूनही जाणवू नये, हे तत्त्व गुरुबसप्पांनी चौतीस वर्षे सेवेत पाळले होते. ते त्यांना तत्काळ पटले. न पटण्यासारखे एवढेच होते की अशी वस्तू जावयाकडे आहे आणि सासऱ्याकडे नाही. परतीच्या बसमध्येच त्यांनी टिपणी लिहायला घेतली. विषय : कागदी शंकूच्या, डायनॅमिक म्हणतात त्या प्रकारच्या, घरगुती स्पीकरची निवड करणेबाबत. निकष : दीर्घ श्रवणास सुखावह असणे.

गंजगोलाईच्या बाजारात रविकिरणचे स्पीकरचे दुकान होते. त्याचा खरा धंदा वरातींचा. दुकानात भिंतीएवढी खोकी रचलेली होती आणि दारातून आत येणाऱ्या माणसाचा शर्ट त्याच्या आधी हलू लागे.

"काका, छातीवर हात ठेवा," रविकिरण म्हणाला.

गुरुबसप्पांनी ठेवला.

"हादरलं का?"

"हादरले."

"मग झालं की! लई भारी माल हाय."

"चार तासांनंतर काय होते?"

रविकिरणने थोडा विचार केला. "चार तासांनी वरात पोचती, काका."

"आणि ऐकणाऱ्याचे काय होते?"

"ऐकणारा?" रविकिरणने आवाज बंद केला. "बारा वर्षं झाली धंद्याला. वाजवणारा येतो, नाचणारा येतो, बंद करा म्हणणारा पोलीस येतो. ऐकणारा म्हणून गिऱ्हाईक तुम्ही पैलेच."

माळ्यावर घरगुती स्पीकरच्या पाच जोड्या पडून होत्या. त्या कधीतरी चुकून आल्या होत्या. एकेक जोडी आठ दिवस घरी नेऊन पाहा, पटेल ती ठेवा, असे ठरले. "त्या निमतानं धूळ तर उतरंल," रविकिरण म्हणाला.

चाचणीच्या अटी गुरुबसप्पांनी स्वतः आखल्या आणि त्यांत दोष काढणे कठीण आहे. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, सलग. श्रोता दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर, ठरलेल्या खुर्चीत. हात रिकामे. बोलायचे नाही, उठायचे नाही, अन्य काम करायचे नाही. श्रोत्याशीही कोणी बोलायचे नाही. व्यत्यय आल्यास चाचणी रद्द समजून शून्यापासून सुरुवात.

पहिले श्रोते स्वतः गुरुबसप्पा झाले. अकराव्या मिनिटाला त्यांना झोप लागली. ही झोप स्पीकरची शिफारस मानावी की तक्रार, यावर एकमत न झाल्याने निष्कर्ष राखून ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी दानम्मा बसल्या. चाळीस मिनिटांनी त्यांनी आवाज फार गोड असल्याचा अभिप्राय दिला. तोवर स्पीकर सुरू केलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ बसले. पहिल्या तासात त्यांना सात फोन आले आणि ते सातही त्यांनी स्पीकरपेक्षा मोठ्या आवाजात घेतले.

चौथ्या दिवशी रात्रीच्या जेवणावेळी गुरुबसप्पांनी प्रश्न मांडला. "या घरात दीर्घकाळ, सलग, मध्ये न बोलता ऐकण्याचा अनुभव कोणाला आहे?"

सगळ्यांनी तव्याकडे पाहिले. तव्यामागे वर्षाराणी उभी होती.

सकाळी आदेश निघाला. श्रीमती वर्षाराणी यांची 'श्रवण परीक्षक' या पदावर, मूळ कामकाज सांभाळून, पुढील आदेशापर्यंत नेमणूक करण्यात येत आहे.

"अवो, मग दुपारी भाकरी कोण टाकायची?" दानम्मांनी विचारले.

"ही अडचण स्वतंत्र टिपणीद्वारे मांडावी."

"टिपणीवर पीठ मळता येतंय का?"

"मूळ कामकाज अकराच्या आत आटोपावे, असे आदेशात अभिप्रेत आहे."

"अन् अकराला ही बसणार? भर दुपारी? खुर्चीत?"

"ती बसणार नाही," गुरुबसप्पा शांतपणे म्हणाले. "ती कर्तव्यावर असेल."

वर्षाराणी या घरात सतरा वर्षांत बसलीच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डाळ निवडताना ती बसे. दोन बाळंतपणांत बसली होती. शेवटचे ताट वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीपुरती बसे. मात्र नुसते बसणे या सदराखाली तिच्या नावे एकही नोंद नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी पहिल्या बारा मिनिटांत ती सवयीने तीनदा उठली, एकदा कुकरसाठी, एकदा दारावरच्या घंटीसाठी आणि एकदा कशासाठीही नाही. तिन्ही वेळा चाचणी रद्द झाली. चौथ्या वेळी तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

आता घराची खरी परीक्षा सुरू झाली. दानम्मा उंबऱ्यात येऊन "अगं, ती हळद कुठं..." एवढे म्हणत, आणि शेजारच्या खोलीतून, हातात घड्याळ धरून बसलेले गुरुबसप्पा जाहीर करत, "रद्द. शून्यापासून." हळदीपायी एकदा चाचणी संध्याकाळी सातपर्यंत लांबली आणि सगळ्यांना सकाळच्या भाकरीवर भागवावे लागले. त्यानंतर हळद दानम्मांना आपोआप सापडू लागली. दोन्ही मुले पहाटे पाचपासून शिकवण्यांत असत. लातुरात मुले ठेवण्याची ती रीतच आहे. तेव्हा अकरा ते तीन या वेळात हालकुडे यांच्या घरात सतरा वर्षांत पहिल्यांदाच वर्षाराणीला कोणी हाक मारत नव्हते.

ती खरोखर ऐकू लागली. पहिल्या जोडीबद्दल तिने लिहिले : 'स आणि श आला की कानात टोचते. सत्तर मिनिटांनंतर दात आवळले जातात.' दुसरीबद्दल : 'पखवाज पोटात घुमतो आणि गाणारा मागे राहतो. दोन तासांनी छाती जड होते.' दोन्ही अभिप्राय खरे होते. ठरवून दिलेल्या कार्यक्रमात एक तास बसवेश्वरांच्या वचनांचे गायन, एक तास बातम्यांवरील चर्चा आणि दोन तास शास्त्रीय संगीत होते. त्यांपैकी चर्चा कोणत्याही स्पीकरवर दीर्घ श्रवणास सुखावह होणार नाही, हे तिचे निरीक्षण गुरुबसप्पांनी विनाहरकत मान्य केले आणि तो तास संगीताकडे वर्ग केला. प्रत्येक अहवालाखाली अटीनुसार एक प्रमाणपत्रही लागे. त्यासाठी तिने पहिल्याच दिवशी एक वाक्य तयार केले आणि पुढे रोज तेच लिहिले : 'चाचणीच्या काळात कोणताही व्यत्यय आला नाही. घर सुरळीत होते.'

तिसऱ्या जोडीच्या पहिल्या दिवशी तिने सहज घड्याळाकडे पाहिले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. चार तास कुठे गेले ते तिला सांगता आले नसते. ओळ उचलण्याआधी गाणारी बाई श्वास घेत होती, तो श्वास ऐकू येत होता. तबलजीच्या हातात अंगठी असावी, कारण मध्येच चामड्यावर धातू घासल्यासारखे होई. तानपुऱ्याची एक तार किंचित उतरलेली होती आणि ते कळूनही कोणी थांबलेले नव्हते. स्पीकर कुठेच नव्हते. नुसती माणसे होती, आणि त्यांपैकी कोणालाही चहा नको होता.

तिने अहवालात 'उत्तम' असा शब्द लिहिला. मग त्या शब्दाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. उत्तम जोडी मिळाली की निवड संपते. निवड संपली की चाचणी संपते. तिने तो कागद फाडला आणि नवीन कागदावर लिहिले : 'तिसऱ्या तासानंतर डाव्या बाजूस संदिग्धता जाणवते. अधिक निरीक्षण आवश्यक.'

हा अहवाल वाचून गुरुबसप्पांना सुनेविषयी प्रथमच आदर वाटला.

आठव्या दिवशी रविकिरण जोडी परत न्यायला आला. गुरुबसप्पा आत फाइल लावत होते. रविकिरणने शेऱ्याचा कागद दोनदा वाचला.

"वैनी, ह्यो जोड परत? माझ्या माळ्यावरचा सगळ्यात चांगला हाय ह्यो."

"हाय."

"मग ही डाव्या बाजूची संदिग्धता काय भानगड हाय? म्हंजे नेमकं काय होतंय?"

"मला बी माहीत न्हाई, भाऊ. मामांना आवडतो तो शब्द."

"तुमाला ऐकायला तरास झाला का?"

वर्षाराणीने स्वयंपाकघराकडे पाहिले. आत दानम्मा पातेल्यांशी बोलत होत्या. तिने आवाज खाली आणला. "पसंत हाय म्हणून लिहून देते. मग उद्या अकराला मी कुठं असन, ते सांगा."

रविकिरणने डावा स्पीकर काखेत मारला. दारापर्यंत जाऊन तो वळला. "चौथा जोड आणतो, वैनी. लई खराब हाय. आठ दिवस आरामात निघतील."

चौथी जोडी खरेच खराब होती. तिच्यावर नऊ पाने अहवाल झाला. पाचवीत 'क्षणिक औदासीन्य' आढळले. त्यानंतर हवामान बदलल्यामुळे कागदी शंकू सैल पडले असण्याची शक्यता वर्षाराणीने निदर्शनास आणली आणि पाचही जोड्यांची फेरचाचणी मंजूर झाली. मध्येच वीज जाई, तेवढे तास भरून काढावे लागत. तेही मंजूर झाले.

एव्हाना बातमी गल्लीत पोचली होती. गुरुबसप्पांकडे एवढी शास्त्रशुद्ध खरेदी चालते आणि आपण वस्तू नुसती बोट दाखवून आणतो, याची निवृत्त मंडळींना लाज वाटू लागली. शेजारच्या मंजुषाच्या सासऱ्यांनी नवी गादी घेण्यापूर्वी ती दीर्घ शयनास सुखावह आहे किंवा कसे, हे तपासायचे ठरवले आणि मंजुषा रोज दुपारी चार तास कर्तव्यावर झोपू लागली. पलीकडच्या घरात छताच्या पंख्याखाली एक सून नेमली गेली, समोरच्या घरात झोपाळ्यावर. कोपऱ्यावरच्या घरात काहीच घ्यायचे नव्हते. तेथे खिडकीची चाचणी सुरू झाली. दीड महिन्यात त्या एका गल्लीत अकरा परीक्षक होत्या. अकरा ते तीन भाजीवाल्याशी घासाघीस करायला कोणी बाहेर येईना, म्हणून त्याने गल्ली बदलली. घरोघरचे पुरुष सकाळच्या गार भाकऱ्या शास्त्रासाठी केलेल्या त्यागाच्या चेहऱ्याने खात होते. गल्लीत एकही वस्तू अद्याप विकत घेतली गेली नव्हती.

एकट्या दानम्मांचे हाल होते. बोलण्यासारखे सगळे होते, ऐकणारी कर्तव्यावर होती. एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातला पाट आणून उंबऱ्याजवळ ठेवला आणि त्या बसल्या. फेरचाचणीतली तिसरी जोडी वाजत होती. पंचवीस मिनिटे दानम्मा काही बोलल्या नाहीत. अभिलेखात याला तोड नाही.

मग हळूच म्हणाल्या, "ही बाई लई दमानं गाती गं. हिच्या घरी कुणी नसंल का?"

चाचणी रद्द व्हायला हवी होती. पण गुरुबसप्पा घड्याळ हातात धरूनच झोपले होते.

"काय की, आत्या," वर्षाराणी म्हणाली. "बसा तुम्ही."

दानम्मा तीन वाजेपर्यंत बसल्या.

नेमणुकीच्या एकसष्टाव्या दिवशी नांदेडहून फोन आला की जावई पुढच्या रविवारी येत आहेत. प्रकरण निकाली काढणे भाग होते. गुरुबसप्पांनी दार लावून घेतले आणि सबंध फाइल पहिल्या पानापासून वाचली. ओढूनताणून काढलेली उणीव कशी दिसते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षे त्यांनी तशाच उणिवा लिहिल्या होत्या. 'संदिग्धता' या शब्दापाशी ते किंचित हसले. ते रागावले नाहीत. त्यांनी तिसऱ्या जोडीसमोर बरोबरची खूण केली. मग त्यांची नजर पानाच्या तळाशी गेली, आणि पुढच्या अहवालाच्या तळाशी, अशी एकसष्ट प्रमाणपत्रांवरून.

संध्याकाळी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावण्यात आले. गुरुबसप्पा वाचू लागले.

"एक. जोडी क्रमांक तीन खरेदी करण्यात येत आहे. दोन. परीक्षकांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांवरून असे सिद्ध होते की, रोज चार तास त्यांनी कोणतेही काम केले नाही, तरीही एकसष्ट दिवस घर सुरळीत होते. सबब हे चार तास अतिरिक्त ठरतात. अतिरिक्त तासांचे समायोजन मल्लिनाथ यांच्या दुकानात करण्यात येत आहे. उद्यापासून, अकरा ते तीन."

"आप्पा, बेस झालं," मल्लिनाथ फोनवरून मान वर न करता म्हणाले. "पेरणीचे दिवस हायत. माणूस मिळून न्हाई राहिला."

"अन् घरातलं?" दानम्मांनी विचारले.

"घरातले पूर्ववत."

"अवो, सुरळीत कसलं? मी केलं की सगळं! तुमच्या घड्याळाच्या धाकानं केलं!"

"तुमचे नाव फाइलमध्ये कोठेही नाही," गुरुबसप्पा म्हणाले, आणि हे खरे होते.

दानम्मांनी तोंड उघडले. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांना पुढचे वाक्य सापडले नाही. त्यांनी सुनेकडे पाहिले.

वर्षाराणीने एकच विचारले. "दुकानात मला बसायला खुर्ची हाय का?"

"खुर्चीवर बसून कुठं गिऱ्हाईक होतंय?" मल्लिनाथ म्हणाले. "काउंटरला उभं ऱ्हावं लागतं."

आदेशाची अंमलबजावणी झाली. त्याची प्रत गुरुबसप्पांनी गल्लीतल्या मंडळींना माहितीस्तव दिली आणि आठवडाभरात दहाही घरांत हिशेब लागला. मंजुषाचे चार तास एका पापड केंद्रात समायोजित झाले. खिडकीची चाचणी करणारी समोरच्या शाळेत खिचडी शिजवते. गादी, पंखा आणि झोपाळा कोणीच घेतला नाही. जुने ठीक होते.

हालकुडे यांच्या दिवाणखान्यात मात्र तिसरी जोडी मांडलेली आहे. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर भरतकामाचे आच्छादन असते. पाहुणे आले की ते काढतात आणि पाहुणे गेले की घालतात. आजवर तिच्यामुळे कोणाचेही डोके दुखलेले नाही.

वाचकाने ही हकीकत वाचायला दहा-बारा मिनिटे घेतली असावीत, आणि ती बसून वाचली असावी. तेवढ्या वेळात आतून काही मळल्याचा, धुतल्याचा किंवा उचलून ठेवल्याचा आवाज आला का, हे त्याला आठवत असेल तर उत्तम. आठवत नसेल, तर तेवढा वेळ घर सुरळीत होते असे त्याने लिहून द्यावे. नमुना तयार आहे. सही फक्त बसलेल्या माणसाचीच लागते.